वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल : सुरुवात कशी करावी

गणेशोत्सवाचा महाप्रसाद, दिवाळीचा फराळ, लग्नकार्यातल्या पुऱ्या... कार्यक्रम संपला की कढईत काळपट तेल उरते आणि त्याचे काय करायचे हा प्रश्नही उरतो. मोरीत ओतले तर पाइप तुंबतो. नाल्यात गेले तर शेवटी शिप्रेच्या पाण्यावर तवंग येतो. कोणाला स्वस्तात विकले तर तेच तेल दुसऱ्या कढईत चढते आणि कोणाच्या तरी पोटात जाते. २०२८ चा सिंहस्थ जवळ येतो आहे. त्या काळात गावोगावच्या भंडाऱ्यांत किती पुऱ्या तळल्या जातील याचा विचार केला, म्हणजे हा प्रश्न किती मोठा आहे ते लक्षात येते.

सरकारी नियम काय सांगतो?

तेल पुन्हा पुन्हा तापले की त्यात 'ध्रुवीय संयुगे' नावाचे घातक घटक वाढतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल खाद्यपदार्थांसाठी वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. त्याच वर्षी १० ऑगस्टला, म्हणजे जागतिक जैवइंधन दिनी, केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 'रुको' ही योजना सुरू केली. वापरलेले तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करणे हा तिचा उद्देश. तळणासाठी रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांनी तेलाची नोंद ठेवायची आणि टाकाऊ तेल नोंदणीकृत संग्राहकालाच द्यायचे असते.

बायोडिझेल म्हणजे नेमके काय?

१९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवले होते. परंतु नुसते तेल फार दाट असते. ते इंजिनात नीट फवारले जात नाही आणि काजळी धरते. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला जोडलेल्या तीन लांब शेपट्या. कॉस्टिक सोड्याच्या मदतीने मिथेनॉल या शेपट्या सोडवते आणि स्वतः प्रत्येकीला जोडले जाते. अशा सुट्या झालेल्या शेपट्या म्हणजे पातळ बायोडिझेल. ग्लिसरीन जड असल्यामुळे तळाशी बसते.

आधी धोके, मग कृती

मिथेनॉल हे विष आहे. ते पोटात गेले तर दृष्टी जाते, जीवही जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्याच उज्जैनमध्ये विषारी दारूने माणसे दगावली. देशातल्या अशा अनेक दुर्घटनांच्या मुळाशी मिथेनॉलच असते. त्याची वाफ श्वासातून आणि द्रव कातडीतूनही शरीरात जातो. ते साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेते आणि उजेडात त्याची ज्योत जेमतेम दिसते. कॉस्टिक सोडा कातडी आणि डोळे जाळतो. म्हणून :

- काम स्वयंपाकघरात नको. उघड्या अंगणात करावे आणि आसपास विस्तव, बिडी, विजेची ठिणगी नसावी.
- रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. पाण्याची बादली जवळ असावी.
- भांडी स्टीलची किंवा जाड प्लास्टिकची घ्यावीत. ॲल्युमिनियम सोड्याशी क्रिया करून ज्वालाग्राही वायू सोडते.
- ही भांडी आणि मापे पुन्हा स्वयंपाकात आणू नयेत. मुलांना दूर ठेवावे.

एका लिटरचा प्रयोग

१. तेल कापडातून गाळून एक दिवस स्थिर ठेवा. वरचे निवळ तेल घेऊन बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण १०० ते ११० अंशांपर्यंत, तापवा. तेलात पाणी राहिले तर इंधनाऐवजी साबण होतो.

२. तेल किती आंबट झाले आहे ते तपासा. एक लिटर शुद्ध पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवा. १ मिलिलिटर तेल १० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळून त्यात चिमूटभर हळद टाका. सोड्याचे पाणी थेंबथेंब घालत जा. पिवळा रंग लालसर होऊन टिकला की थांबा. कुंकू करताना हळद लाल होते, त्यामागेही हेच कारण आहे. जितके मिलिलिटर पाणी लागले, तितके ग्रॅम सोडा मूळ ३.५ ग्रॅममध्ये मिळवायचा. २ मिलिलिटर लागले तर ५.५ ग्रॅम. ५ मिलिलिटरच्या वर गेले तर पहिल्या प्रयोगासाठी ते तेल सोडून द्या.

३. मोजलेला कोरडा सोडा २०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये झाकणबंद डब्यात पूर्ण विरघळवा. डबा गरम होतो. घाई करू नका.

४. तेल ५० ते ५५ अंशांवर येऊ द्या. विस्तव विझवून तेल लांब नेल्यावरच हे मिश्रण त्यात ओता. मिथेनॉल ६५ अंशांना उकळते, म्हणून तेल याहून गरम नसावे. झाकण लावून तासभर अधूनमधून जोरात हलवा आणि मध्येमध्ये झाकण सैल करून वाफ सोडा.

५. एक दिवस स्थिर ठेवा. वर सोनेरी बायोडिझेल आणि तळाशी गडद ग्लिसरीन असे दोन थर दिसतील. वरचा थर वेगळा काढा.

६. कोमट पाण्याने तीन-चार वेळा हळुवार धुवा. पाणी निवळ निघाले की पुरे. नंतर पाण्याचा अंश उडून जाऊ द्या. बाटलीमागे वर्तमानपत्र धरल्यावर अक्षरे वाचता आली पाहिजेत.

७. शेवटची परीक्षा : ३ मिलिलिटर इंधन २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये मिसळा. सगळे विरघळले तर क्रिया पूर्ण झाली. तळाशी तेल दिसले तर ती अपुरी आहे.

वापरायचे कुठे?

किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. तशा प्रकारची जुनी, संथ चालणारी पाणी उपसायची इंजिने आजही काही शेतांवर आहेत. थोड्या मिश्रणाने सुरुवात करायला ती योग्य. बायोडिझेल टाकीतला जुना मळ सोडवते, म्हणून पहिले काही दिवस फिल्टर तपासावा. नैसर्गिक रबराच्या नळ्या फुगतात, त्या बदलाव्यात. नव्या गाडीत घरचे इंधन घालू नये. विकायचे तर मुळीच नाही, कारण त्यासाठी आयएस १५६०७ हे मानक आहे आणि प्रयोगशाळेची तपासणी लागते.

आपल्या माळव्यात घरी सोयाबीन तेल चालते. त्याचे इंधन थंडीत बऱ्यापैकी पातळ राहते. पाम तेलाचे मात्र डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थिजू शकते.

हे परवडते का?

घरगुती प्रमाणात फारशी बचत होत नाही. मिथेनॉल विकत घ्यावे लागते, वेळ जातो, आणि ग्लिसरीन व धुण्याचे पाणी नाल्यात सोडता येत नाही, कारण त्यात सोडा आणि मिथेनॉल असते. रसायनाची आवड असणाऱ्यांनी एका लिटरचा प्रयोग जरूर करावा. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली केला तर उत्तमच.

बाकी सर्वांसाठी सोपा मार्ग आहे. घरात एक डबा ठेवा, गार झालेले तेल गाळून त्यात साठवा, चार घरांचे एकत्र करा आणि नोंदणीकृत संग्राहकाला द्या. समाजाच्या प्रत्येक महाप्रसादात आचाऱ्याच्या सामानाच्या यादीत रिकाम्या डब्याचीही एक ओळ असावी. उरलेले तेल कोणाकडे जाणार, हे कढई चढण्याआधीच ठरलेले असावे.