पत्रकाराला आकडा देताना

पत्रकारांशी चांगलं जमावं असं वाटतं ना? मग आधी आकडा नीट द्यायला शिका.

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला: जुन्यांपेक्षा नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट. मथळेही तसेच आले. प्रत्यक्षात फरक केवढा? ७००० स्त्रियांमागे एकीऐवजी दोघी. पण घाबरून अनेकींनी गोळ्याच सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले.

म्हणून ‘दुप्पट’ म्हणालात, तर ‘कितीचे किती’ हेही त्याच दमात सांगा. ‘छापण्याआधी बातमी दाखवा’ हा हट्ट नको. ‘आकडा तपासायचा असेल तर रात्रीही फोन करा’ म्हणा. आणि फोन आला की उचला. विश्वास असाच बसतो.