होडींतील विजेची तार किती जाड असावी?

कोंकणच्या किनाऱ्यावर, हर्णैला काय किंवा मालवणला काय, पावसाळ्यांत ओढून ठेवलेल्या लहान होड्यांची डागडुजी नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुरी होत आलेली असते. या डागडुजींत आतां विजेच्या कामाचीहि भर पडली आहे. फायबरच्या लहानशा होडींतहि १२ व्होल्टांची बॅटरी असते. तिच्यावर नाळेवरचा दिवा, तळांत सांचलेलें पाणी उपसणारा पंप आणि बोलण्या-ऐकण्याचें बिनतारी यंत्र चालतें. होडीचा धनी हें काम पुष्कळदां गांवांतल्या वायरमनकडे सोंपवितो. तो मनुष्य आपल्या कामांत वाकबगार असतो. घरांतील दिव्यांना तो जी दीड चौरस मिलिमीटर छेदाची तार वापरतो, तीच होडींत घालतो. आणि बंदरांत सर्व कांहीं सुरळीत चालतेंहि.

घर आणि होडी यांतील भेद दाबाचा आहे. साठ वॅटचा दिवा घरांत २३० व्होल्टांवर जळतो, तेव्हां त्याला पाव अँपियरहून किंचित् अधिक प्रवाह लागतो. तेंच काम १२ व्होल्टांवर करून घ्यावयाचें तर पांच अँपियर लागतात, म्हणजे सुमारें एकोणीसपट. प्रत्येक तार प्रवाहाला थोडाबहुत रोध करतेच, आणि त्या मानानें वाटेंत दाब खर्ची पडतो. २३० व्होल्टांतून अर्धा व्होल्ट गेला तर घरांत त्याची कोणी दखलहि घेत नाहीं; दोनशें तीस रुपयांतून आठ आणे गेल्यासारखें तें आहे. बारा रुपयांच्या मिळकतींतून आठ आणे गेले तर मात्र संसाराला तें जाणवतें.

तार निवडतांना म्हणून दोन प्रश्न विचारावे लागतात. इतक्या प्रवाहानें तार तापेल काय, हा पहिला. इतक्या लांबींत दाब किती उतरेल, हा दुसरा. घरांत बहुधा पहिल्यावर भागतें, आणि वायरमनचें उत्तर तेथें बरोबरच असतें. पांच अँपियरनें दीड चौरस मिलिमीटरची तार तापत नाहीं. होडींत अडचण येते ती दुसऱ्या प्रश्नाची.

समजा, पंपाला पांच अँपियर लागतात आणि बॅटरीपासून तो सहा मीटरांवर आहे. प्रवाह जातो तसा परतहि येतो, म्हणून हिशेबाला बारा मीटर धरावे. नेमके हेंच पुष्कळजण विसरतात. पंप, दिवा, बिनतारी यंत्र अशा जिवाच्या वस्तूंना दाबाची घट शेकडा ३ हून अधिक नसावी, म्हणजे १२ व्होल्टांत ०.३६ व्होल्ट. आतां अँपियरांना मीटरांनीं गुणावें: साठ आले. तांब्याच्या तारेसाठीं या साठांना ५८ नीं व पुन्हां ०.३६ नें भागावें. उत्तर येतें सुमारें २.९ चौरस मिलिमीटर. बाजारांत अडीच आणि चार अशा तारा मिळतात. तेव्हां चारचीच घ्यावी. दीडची घातली तर जवळजवळ ०.७ व्होल्ट वाटेंतच जातो, पंप मंद फिरतो, आणि पाणी भरण्याचा वेग उपसण्याच्या वेगापुढें जाऊं शकतो.

बिनतारी यंत्राची तऱ्हा याहून फसवी. ऐकतांना त्याला फारच थोडा प्रवाह लागतो, म्हणून बारीक तारेवरहि तें स्पष्ट बोलतें. तांडेल मदत मागण्यासाठीं बटण दाबतो त्या क्षणीं मात्र पूर्ण शक्तीवर पांच-सहा अँपियर लागतात, दाब कोसळतो, आणि हांक दुबळी होते किंवा यंत्र बंदच पडतें. दिवसभर ऐकूं येत असल्यानें दोष तारेचा असेल अशी शंकाहि कोणाला येत नाहीं.

जाडीइतकेंच तारेच्या जातीला महत्त्व आहे. घरगुती एकसंध तार इंजिनाच्या थरथरीनें तुटते. होडीला अनेक बारीक धाग्यांची तार हवी, आणि त्या धाग्यांवर कथलाचा लेप असावा. पितळी भांड्यांना कल्हई कशाकरितां करतात हें गृहिणींना सांगावयास नको. खाऱ्या हवेंत उघडें तांबें कळकतें, तो कळंक वेष्टणाच्या आंतून पुढें सरकत जातो, आणि वरून धडधाकट दिसणारी तार आंतून निकामी होते. इंजिनाजवळून जाणाऱ्या तारेला उष्णतेचाहि जाच असतो. तेथें तापण्याचा पहिला प्रश्न पुन्हां विचारावा.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आंत बसवावा. तो तारेच्या रक्षणासाठीं असतो. दूर बसविला तर बॅटरी आणि फ्यूज यांमधील तुकडा निराधार राहतो, आणि तेथें तारा एकमेकींना भिडल्या तर बॅटरी शेंकडों अँपियर ओतून आग लावूं शकते.

काम पुरें झाल्यावर पंप चालू ठेवून व्होल्टमापकानें बॅटरीशीं व पंपाशीं दाब मोजावा. पंप बंद असतांना दोन्हीकडे आंकडा सारखाच येतो, त्यावरून कांहींच कळत नाहीं. चालू असतांना तिहाई व्होल्टाहून अधिक अंतर दिसलें तर आधीं सांधे पाहावेत, आणि ते ठीक असतील तर होडी पाण्यांत लोटण्यापूर्वीं तार बदलावी.