विमानतळाच्या गच्चीवरून दिसणारा ऊस



आता आपल्या भागातही विमानाने जाणे नवलाचे राहिलेले नाही. कोणाचा मुलगा शिकायला परदेशी गेला आहे, कोणाची लेक-जावई तिकडेच राहतात, कोणी नांदेडहून विमान धरतो. मागे बांधावर एक सभासद म्हणाले, "साहेब, परदेशी जायचं तर तीन तास आधी बोलावतात म्हणे. एवढा वेळ बसून करायचं काय?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर उसापर्यंत येऊन पोहोचते, म्हणून हा लेख.

पूर्वी मुंबईला सांताक्रूझ विमानतळावर पाहणाऱ्यांसाठी गॅलरी असे. तिकीट काढून माणसे वर जात आणि आपले माणूस विमानाची शिडी चढेपर्यंत हात हलवीत उभी राहत. पुढे विमाने पळविण्याचे प्रकार सुरू झाले. १९७१ मध्ये 'गंगा' विमान लाहोरला नेले गेले. १९८५ मध्ये 'कनिष्क' विमानात बॉम्बस्फोट होऊन ३२९ जीव गेले. बंदोबस्त कडक होत गेला आणि पोचवायला आलेल्यांना दाराबाहेरच निरोप घेण्याची वेळ आली.

परदेशात मात्र काही ठिकाणी अशा उघड्या गच्च्या आजही आहेत. जपानमध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावर इमारतीच्या गच्चीवर फुकट जाता येते. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला त्यासाठी तिकीट आहे. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर तर गच्चीवर सूर्यफुलांची बाग केलेली आहे. तुमच्यापैकी कोणी किंवा तुमची मुले तिकडून जाणार असतील, तर काचेच्या आत बसून राहू नका. मोकळ्या हवेत या आणि दोन गोष्टी नीट बघा.

पहिली गोष्ट वारा. धावपट्टीच्या कडेला खांबावर कापडाची लांब पिशवी फडफडत असते. तिच्यावरून वाऱ्याची दिशा कळते. आपण फवारणी करताना वाऱ्याकडे पाठ करतो. विमान उडताना वाऱ्याकडे तोंड करते. समोरून वारा मिळाला की पंखांना लवकर उचल मिळते आणि थोड्या धावेत विमान वर जाते.

दुसरी गोष्ट आपल्या जास्त कामाची. उड्डाणाआधी विमानाच्या पंखाखाली गाडी उभी करून नळी जोडतात. विमानाचे इंधन मुख्यतः पंखांतच साठवलेले असते. हे इंधन रॉकेलच्या कुळातले, जमिनीतून काढलेल्या तेलापासून केलेले. पण १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअर एशियाच्या प्रवासी विमानात उसाच्या मळीपासून तयार केलेले इंधन थोड्या प्रमाणात मिसळले होते. ते पुण्याच्या प्राज कंपनीने तयार केले होते.

इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात तसे विमानात थेट चालत नाही. आधी त्यातून पाण्याचा अंश वेगळा करून इथिलीन वायू करतात, मग त्याचे रेणू एकमेकांना जोडून विमानाला चालेल असे इंधन बनवतात. परदेशी जाणाऱ्या विमानांसाठी असे इंधन २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ टक्के आणि २०३० मध्ये ५ टक्के मिसळावे, असे उद्दिष्ट केंद्र सरकारने ठेवले आहे.

आता मुद्द्याचे बोलू. यात ऊस उत्पादकाला काय? रंगराजन समितीच्या सूत्रानुसार साखर, मळी, बगॅस व प्रेसमड यांच्या उत्पन्नात उत्पादकाचा वाटा ७० टक्के धरला आहे. म्हणजे मळीपर्यंत आपला हिशेब लागतो. मळीपासून इथेनॉल आणि इथेनॉलपासून विमानाचे इंधन झाले, की पुढच्या वाढीव किमतीचा हिशेब या सूत्रात आपोआप येत नाही. तो वार्षिक सभेत बसून ठरवावा लागेल. त्यासाठी आतापासूनच अहवाल वाचून या आणि प्रश्न विचारा. कारखाना आपलाच आहे. विचारण्यात संकोच कसला?

आणखी एक. विमानाला ऊस लागतो म्हणून पाटपाणी सोडून लागण वाढवत सुटू नका. येलदरी-सिद्धेश्वरचे पाणी दरसाल सारखे नसते. आहे त्याच क्षेत्रात ठिबक, निरोगी बेणे आणि वेळेवर खोडव्याची निगा यांवर एकरी टन वाढवा.

विमान आकाशात उडते, पण त्याच्या पोटात जायचा माल आपल्याच काळ्या रानात पिकू शकतो. गच्चीवरून ती इंधनाची गाडी दिसली, की एवढे जरूर आठवा.