होबेमाचा रस्ता, रंगीत काचांतून

लंडनच्या नॅशनल गॅलरीत मेइंडर्ट होबेमा या डच चित्रकाराचे १६८९ सालचे एक निसर्गचित्र आहे. मधोमध सरळ रस्ता, दुतर्फा उंच सडसडीत झाडे, समोरून कुत्र्यासह येणारा माणूस. झाडे दूर जावीत तशी लहान होतात, रस्ता निमुळता होतो आणि सपाट चित्रातही खोली भासते. या चित्राची छापील प्रत मिळाली, तर एक डोळा मिटून कागदाच्या नळीतून पाहा. रस्ता अधिकच खोल वाटेल! दोन्ही डोळे उघडे असले, की ते ‘हा तर सपाट कागद’ अशी चुगली करतात.

आपल्या दोन डोळ्यांत सुमारे ६.५ सें. मी. अंतर असते. त्यामुळे प्रत्येकाला थोडे निराळे दृश्य दिसते आणि त्या फरकावरून मेंदू खोली ताडतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखवले. ही दोन दृश्ये दोन रंगांत एकाच जागी काढावीत, ही युक्ती विल्हेल्म रोलमान या जर्मन संशोधकाची, १८५३ ची.

विद्यार्थी मित्रांनो, हे घरी करता येईल. पांढऱ्या कागदावरची लाल रेघ लाल जिलेटिन कागदातून दिसेनाशी होते, कारण भोवतालचा कागदही तसाच लाल दिसतो. निळी रेघ मात्र काळी दिसते. निळ्या जिलेटिनमधून उलट! आता डाव्या डोळ्यावर लाल, उजव्यावर निळे जिलेटिन धरा. एक उभी निळी रेघ काढा आणि तिच्या उजवीकडे ५ मि. मी. वर तेवढीच लाल रेघ काढा. कागद ५० सें. मी. वर असेल, तर दोन्ही मिळून एकच रेघ कागदाच्या मागे सुमारे ४.२ सें. मी. गेलेली दिसेल. (समरूप त्रिकोण काढून पडताळा घ्या.) लाल रेघ डावीकडे काढली, तर ती कागदापुढे येईल.

पण होबेमाने चित्र एकच काढले. दुसऱ्या डोळ्याचे चित्र आणायचे कोठून? ते संगणकावर तयार करतात. कोणती वस्तू किती दूर आहे याचा अंदाज बांधायचा आणि त्या मानाने ती आडवी सरकवायची. खरी पंचाईत पुढेच आहे. झाड सरकले, की त्याच्यामागची पट्टी उघडी पडते. तेथे काय होते? होबेमाने ते रंगवलेच नाही! मग शेजारच्या आकाशाचा रंग तेथे भरावा लागतो. बुंध्यापाशी हे खपून जाते. शेंड्याच्या विरळ पानांत मात्र पानागणिक अंदाज करावा लागतो. म्हणजे एका डोळ्याला दिसणारे चित्र थोडेसे परक्या हातचे असते.

रंगीत चित्रासाठी निळ्याऐवजी निळसर हिरवी काच वापरतात. तरीही भडक तांबडा झगा एका डोळ्याला उजळ आणि दुसऱ्याला काळा दिसतो, आणि मेंदूला निवड करता न आल्याने तो लुकलुकतो. होबेमाच्या करड्या ढगांना हा त्रास फारसा होत नाही.