लांबची वाट, लवकर पोहोचणारी

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान आधी युरोप आणि अटलांटिक ओलांडून, पश्चिमेकडून जायचं. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६मध्ये कंपनीने तेच विमान पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून नेलं. वाट १५,३०० किलोमीटरची झाली आणि तरीही विमान साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर पोहोचलं.

ही करामत वाऱ्याची. जमिनीपासून साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरकस वाऱ्याचे पट्टे वाहतात. यालाच जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. जपानचे हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. पण अहवाल एस्परांतो भाषेत छापला आणि जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही. इतक्या मोलाचं काम असं पडून राहिलं, याची हळहळ वाटते.

हिशेब सोपा आहे. विमान हवेत ताशी ९०० किलोमीटरने उडतंय असं धरू. मागून १५० चा वारा मिळाला, तर जमिनीच्या मापाने वेग १,०५०. तोच वारा समोरून आला, तर ७५०. वारा वाटभर असाच राहिला, तर १०,००० किलोमीटरमागे जवळजवळ ४ तासांचा फरक पडेल. प्रत्यक्षात तो बदलत राहतो, म्हणून फरक कमी पडतो. फेब्रुवारी २०२०मध्ये मात्र वादळी वाऱ्याच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ५ तासांच्या आत पोहोचलं. एरवी सहाहून जास्त तास लागतात. पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो, असं पुष्कळांना वाटतं. पण तिच्याबरोबर हवाही फिरत असते.

मग सर्वांत जवळची वाट का धरत नाहीत? गोलावर दोरा ताणून पाहिलं, तर दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को अंतर १२,४०० किलोमीटरच्या आसपास भरतं. पण हा दोरा हिमालय आणि तिबेटच्या पठारावरून जातो. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर वैमानिकाला झटपट १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं आणि तिथली जमीनच त्याहून उंच आहे. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण पंधरा मिनिटंच पुरतो. त्यात राजकारणाची भर. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा अमेरिकेच्या वाटेवरच्या काही भारतीय विमानांना इंधनासाठी व्हिएन्नात उतरावं लागलं.

तेव्हा मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांनी किलोमीटरवरून तास काढू नयेत. त्या महिन्याचं वेळापत्रक बघावं, आणि डिसेंबर-जानेवारीत पश्चिमेकडे जाऊन पुढचं विमान पकडायचं असेल, तर मध्ये किमान तीन तास हाताशी ठेवावेत.