वामनवृक्षाला फुले का येत नाहीत?

एप्रिल-मे महिन्यांत पनवेल परिसरात ताम्हणाची झाडे जांभळ्या फुलांनी भरलेली दिसतात. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प. त्याचा एक लहानखुरा भाऊबंद म्हणजे लॅगरस्ट्रोमिया इंडिका. हिंदीत त्याला सावनी म्हणतात. दोघेही मेंदीच्या कुळातले. नावात ‘इंडिका’ असले, तरी चीनमध्ये त्याची लागवड फार जुनी आहे. जपानी लोक त्याला ‘सारुसुबेरी’ म्हणतात, म्हणजे माकडही घसरेल इतक्या गुळगुळीत खोडाचे झाड. ताम्हणाची पाने मोठी असतात, सावनीची लहान. म्हणून कुंडीतल्या वामनवृक्षासाठी सावनी सोयीची.

पण पुष्कळदा हे झाड हिरवेगार राहते आणि फुलत मात्र नाही. असे का होते?

आंब्याचा मोहोर आधीच्या हंगामात वाढून जून झालेल्या फांद्यांच्या टोकांना येतो. सावनीचे तसे नाही. तिचे तुरे त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांद्यांच्या शेंड्यांवर येतात. वामनवृक्षाचा आकार राखण्यासाठी आपण शेंडे खुडत राहतो, आणि प्रत्येक शेंड्याबरोबर होऊ घातलेला तुराही जातो.

थंड प्रदेशात अडचण वाढते. तेथे पालवी उशिरा फुटते आणि उन्हाळा लवकर संपतो. उशिरा खुडलेल्या फांदीला पुन्हा वाढून कळ्या धरायला ऊबच उरत नाही. म्हणून ब्रिटनसारख्या देशात हे झाड उबदार भिंतीच्या आडोशाला किंवा काचघरात वाढवतात. शिवाय जमिनीतल्या मुळांना मातीचे पांघरूण असते, कुंडीतल्या मुळांना मात्र गारठा चारही बाजूंनी लागतो. त्यामुळे हिवाळ्यात कुंडी आडोशाला ठेवावी लागते.

पनवेलला उबेची ददात नाही. येथे भरपूर ऊन मिळूनही झाड फुलले नाही, तर पहिला संशय कात्रीवर घ्यावा. मुख्य छाटणी नवी पालवी फुटण्यापूर्वी, जानेवारी-फेब्रुवारीत उरकावी. कोवळे धुमारे एकदा खुडावेत आणि मग फुले येईपर्यंत शेंड्यांना हात लावू नये.

हे वर्गात पडताळून पाहता येईल. एकाच झाडाच्या सारख्या जाडीच्या सहा फांद्या निवडा. तिघींना लाल दोरा बांधून त्यांचे शेंडे दर पंधरवड्याला खुडा, उरलेल्या तीन वाढू द्या. तुरे कोणत्या फांद्यांवर आले, याची तारीखवार नोंद मुलांनीच ठेवावी. झाड खुजे राहते ते छाटणीमुळे, पण ते फुलते स्वतःच्याच नियमाने, हे त्या नोंदींतून मुलांना दिसेल.