शक्यतांचा गुणाकार कुठे फसतो?

अणुवीज केंद्रात मोठा अपघात होण्याची शक्यता किती, असे विचारले की ‘हजारो वर्षांत एकदा’ असे उत्तर मिळते. हा आकडा काढतात कसा?

अमेरिकेत १९७५ साली प्रा. नॉर्मन रॅसमुसेन यांच्या नेतृत्वाखालील अहवालाने हा हिशेब प्रथमच तपशिलात मांडला. पाइप फुटला तर पंप चालू होईल का? वीज गेली तर डिझेल जनरेटर सुरू होईल का? अशा प्रत्येक टप्प्यावर बिघाडाची शक्यता काढायची आणि त्यांचा गुणाकार करायचा. समजा, एक जनरेटर शंभरातून एकदा सुरू होत नाही. मग दोन ठेवले तर दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता दहा हजारांत एक, तीन ठेवले तर दहा लाखांत एक! अणुभट्टीचा गाभा वितळण्याची घटना एका भट्टीत सुमारे २० हजार वर्षांतून एकदा घडेल, असा अहवालाचा अंदाज होता. हे ऐकून हायसे वाटते. पण जगात आज ४०० हून अधिक अणुभट्ट्या आहेत. म्हणजे याच हिशेबाने कुठे ना कुठे सुमारे ५० वर्षांत एकदा.

शिवाय या गुणाकाराला एक अट आहे. एका यंत्राच्या बिघाडाचा दुसऱ्याशी संबंध नसला पाहिजे.

३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली आणि हायड्रोजनने पेट घेतला. मुख्य आणि पर्यायी वीजपुरवठ्याच्या केबल एकाच मार्गाने नेलेल्या होत्या. एका आगीत दोन्ही निकामी झाल्या आणि सुमारे १७ तास वीज नव्हती. कर्मचाऱ्यांनी भट्टी तत्काळ बंद केली आणि अग्निशमनाच्या डिझेल पंपांनी पाणी देऊन ती थंड ठेवली, म्हणून अनर्थ टळला.

जपानमधील फुकुशिमाला ११ मार्च २०११ रोजी ही संधी मिळाली नाही. तिथे डिझेल जनरेटर एक-दोन नव्हे, तर १३ होते. मात्र बहुतेक तळघरात किंवा सखल जागी होते. त्सुनामीचे पाणी शिरले आणि एक सोडून सगळे निरुपयोगी झाले. तीन भट्ट्यांचे गाभे वितळले.

म्हणूनच आता आग, पूर, भूकंप अशा सामाईक कारणांचा हिशेब वेगळा करतात. केबल वेगवेगळ्या मार्गांनी नेतात, जनरेटर उंचावर आणि दूर-दूर ठेवतात. कच्चा दुवा कोणता, हे हेरायला ही पद्धत आजही उत्तम आहे. मात्र कुणी लाखांत एक असा आकडा सांगितला, तर एक प्रश्न जरूर विचारावा: सगळी यंत्रे एकाच फटक्यात बंद पाडणारे कारण या हिशेबात धरले आहे का?